बटण कुठंय? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आमच्या बँकेच्या काचेच्या दाराबद्दल लिहिलं होतं. दाराला लांबलचक उभं हँडल, हँडल दिसलं की हात आपोआप ओढतो, आणि वर इवलीशी पाटी 'ढकला'. त्यावर एवढे मेल आले की संपादक म्हणाले ताई, या वेळी लेख नको, उत्तरंच द्या. एका दुकानदाराने तर स्वतःच्याच दाराचा फोटो पाठवलाय, त्यावर कुणीतरी वैतागून पेननं लिहिलंय, 'अहो ढकला!!' अशा दारांना आमच्या डिझाईनच्या धंद्यात 'नॉर्मन डोअर' म्हणतात, डॉन नॉर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञावरून, ज्यांनी १९८८ साली असल्या रोजच्या वस्तूंवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं आहे, दारासारख्या दाराला जर सूचना चिकटवावी लागली तर दार चुकलंय, माणूस नाही.

प्रश्न: ताई, मी ३१ वर्षं हायस्कूलला गणित शिकवलं, आता सत्तरीचा आहे. मोबाईलवर बँकेचं ॲप उघडलं की पंचवीस-तीस चौकोन समोर येतात, कुठं दाबायचं ते सापडत नाही आणि सापडलं तरी बोट भलतीकडेच पडतं. मुलगा म्हणतो, बाबा सोप्पंय हो. मागे शेजारच्यांना कुणीतरी 'पैसे घेण्यासाठी पिन टाका' सांगून त्यांचेच पैसे काढून घेतले, तेव्हापासून तर धसकाच घेतलाय. आमचं डोकं चालेनासं झालंय का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर: काका, डोकं ठणठणीत आहे, तुम्ही गणिताचे आहात म्हणून जरा सविस्तर सांगते. १९५२ मध्ये विल्यम हिक नावाच्या इंग्रज संशोधकानं मोजलं की पर्याय वाढले की निर्णयाला लागणारा वेळ कसा वाढतो, आणि तो लॉगरिदमनं वाढतो, म्हणजे ८ चे १६ झाले की एक पायरी, १६ चे ३२ झाले की अजून एकच पायरी. तुम्ही म्हणाल मग तीस चौकोनांनी काय बिघडलं. गोम अशी आहे की हा नियम कधी लागतो, तर कुठलं बटण कुठे आहे ते आधीच अंगवळणी पडलेलं असतं तेव्हा. नवख्या माणसाला काही क्रमच नसलेल्या गर्दीत शोधायचं असतं, तिथे लॉग-बिग काही नाही, एकेक चौकोन वाचत जायचं, सरळ रेषेत वेळ वाढतो. तुमच्या मुलाचं अंगवळणी पडलंय म्हणून त्याला सोप्पं वाटतं, तो खोटं बोलत नाहीये, पण तो वेगळ्या आलेखावर आहे.

बोट भलतीकडे पडतं त्याचंही गणित आहे. पॉल फिट्सनं १९५४ मध्ये लोकांना हातात कांडी देऊन धातूच्या दोन पट्ट्यांवर आळीपाळीने टेकवायला लावलं, आणि पट्ट्या एकमेकींपासून जितक्या दूर नि जितक्या अरुंद तितका वेळ जास्त लागतो हे सूत्रात बसवलं. म्हणून ॲपल सांगतं बटण निदान ४४ पॉइंटचं ठेवा, अँड्रॉइडवर गूगल सांगतं ४८, म्हणजे स्क्रीनवर साधारण सात ते नऊ मिलिमीटर. सांगतात हो सगळे, पाळतात किती ते तुम्ही रोज बघताच. तोवर फोनच्या सेटिंगमध्ये नुसता फॉन्टच नाही, 'डिस्प्ले साईझ' पण मोठा करून बघा, त्यानं बटणंही वाढतात.

आता शेजाऱ्यांचं. याच फिट्सनं आणि त्याच्या एका सहकाऱ्यानं १९४७ मध्ये वैमानिकांच्या ४६० चुका तपासल्या होत्या, 'पायलटची चूक' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या. बघितल्यावर लक्षात आलं की त्यातल्या कित्येक चुका कॉकपिटनं करायला लावल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धातल्या बी-१७ विमानाचं उदाहरण तर आम्हा लोकांना तोंडपाठ असतं, त्यात चाकं आत घ्यायचा खटका आणि पंखांचे फ्लॅप हलवायचा खटका शेजारी-शेजारी, दिसायला एकसारखे. विमान सुखरूप उतरायचं आणि दमलेला पायलट फ्लॅपच्या ऐवजी चाकंच आत घ्यायचा, विमान पोटावर. अल्फॉन्स शपानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं एका खटक्याच्या मुठीला रबरी चाकाचा आकार दिला आणि दुसरीला पंखासारखा, न बघताही हाताला कळावं म्हणून. पायलटांना नव्याने काही शिकवलं नाही, बोल लावला नाही, मूठ बदलली.

यूपीआयच्या त्या फसवणुकीत नेमकं हेच होतं. समोरचा 'पैसे मागतोय' आणि समोरचा 'पैसे देतोय' या दोन उलट्या गोष्टी, पण नोटिफिकेशन सारखंच दिसायचं, पिनचा पडदा आपण रोज पैसे पाठवताना येतो तोच, आणि पिन टाकायची तर हाताला सवय झालेली. तुमचे शेजारी लोभी नव्हते आणि बावळटही नव्हते, दोन्ही खटके एकसारखे होते. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसानं माणसाला अशी पैशाची मागणी पाठवायची सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं बंद केली, दुकानदार वगैरेंची तेव्हा चालू ठेवली. तरी एक लक्षात ठेवाच, पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

आणि काका, मतदानाला जाता ना? तिथे हात थरथरतो का? एका यंत्रावर जास्तीत जास्त १६ ओळी, प्रत्येक ओळीत नाव, फोटो, चिन्ह, समोर एकच निळं बटण. दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा लागतो, शेजारच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, आणि बीप वाजतो. दाबलेलं पोचलं याची तिहेरी पावती. उलट अमेरिकेत २००० सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिकेवर नावं डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंना आणि भोकं पाडायची मधल्या एकाच रांगेत, त्यामुळे डावीकडे दुसरं नाव अल गोर या मुख्य उमेदवाराचं पण भोक मात्र तिसरं. दुसरं भोक होतं पॅट ब्युकॅनन यांचं, त्यांना त्या काउंटीत ३,४०० च्या वर मतं पडली, एवढी तिथे कुणीच धरली नव्हती. अख्ख्या राज्याचा निकाल ५३७ मतांनी गोर यांच्या विरुद्ध लागला. शिकले-सवरलेले लोकच होते ते.

प्रश्न: आमचे हे दरवेळी ओरिजिनल आधार कार्ड झेरॉक्सच्या मशीनमध्ये विसरून येतात. तीनदा झालंय. यावर काही उपाय?
— एक गृहिणी, अकोला

उत्तर: वहिनी, त्यांना ओरडू नका, या विसरण्याला शास्त्रात चक्क नाव आहे आणि त्यावरच्या अभ्यासात झेरॉक्समध्ये राहिलेल्या ओरिजिनलचं उदाहरण हमखास येतं. माणूस दुकानात जातो ते झेरॉक्ससाठी. झेरॉक्स हातात आली की मेंदूच्या लेखी काम खल्लास, त्यानंतरचं 'ओरिजिनल उचला' हे काम संपल्यानंतर उरलेलं काम असतं, ते गळतं. एटीएमवर पण हेच व्हायचं, पैसे आधी आणि कार्ड नंतर दिलं की लोक कार्ड सोडून निघून जायचे, म्हणून बऱ्याच मशीनमध्ये क्रम उलटा केला, आधी कार्ड घ्या मग पैसे. पैसे कुणी विसरत नाही. तुमच्या दुकानदाराला सांगा, ओरिजिनल परत केल्याशिवाय झेरॉक्स हातात द्यायची नाही. इलाज त्याच्याकडे आहे, यांच्याकडे नाही.

प्रश्न: एका साईटवर बसचं तिकीट काढत होते, ८५० दाखवलं होतं. शेवटच्या पानावर ९८४! इन्शुरन्सचा टिक आधीच लावलेला, शिवाय काहीतरी 'कन्व्हिनियन्स फी'. टिक काढायला गेले तर बटणावर लिहिलंय 'नको, मला माझ्या सुरक्षिततेची पर्वा नाही'. वर सतत 'फक्त २ सीट शिल्लक' चमकतंय, प्रत्यक्ष बसमध्ये अर्ध्या सीट रिकाम्या. हे सगळं मुद्दाम करतात का? मला उगीच लाज वाटली टिक काढताना.
— नाशिकहून एक ताई

उत्तर: मुद्दामच करतात. एकेक बघू, कारण तुम्ही एकाच तिकिटात चार-पाच नग पकडलेत.

आधीच लावलेला टिक. मनुष्य आहे तसं राहू देतो, याच्याएवढी बळकट गोष्ट आमच्या धंद्यात दुसरी नाही. २००३ मध्ये जॉन्सन आणि गोल्डस्टीन या दोघांनी युरोपातल्या देशांची अवयवदानाच्या संमतीची आकडेवारी शेजारी-शेजारी मांडली, जर्मनीत १२ टक्के आणि शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. ऑस्ट्रियातले लोक काही आठपट दयाळू नाहीत, तिथे नको असेल तर कळवायचं आणि जर्मनीत हवं असेल तर कळवायचं एवढाच फरक. अर्थात कागदावरची संमती म्हणजे प्रत्यक्ष दान नव्हे, हे सांगायला लोक विसरतात, पण एका टिकची ताकद कळते. आणि कबूलच करून टाकते, बारा-तेरा वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या फॉर्मवर 'ऑफर्सचे मेल पाठवा' हा टिक मी स्वतः आधीच लावून ठेवला होता. आकडे दणक्यात वाढले, मिटिंगमध्ये टाळ्या पडल्या. तीन महिन्यांनी शिव्यांचे मेल यायला लागले, ते वाचायचं काम मात्र कस्टमर केअरच्या पोरींना.

'फक्त २ सीट' मागे कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांचं १९७९ चं काम आहे. शंभर रुपये मिळाल्याचा आनंद आणि शंभर हरवल्याचं दुःख यांचं वजन सारखं नसतं, हरवल्याचं साधारण दुप्पट भरतं. कानमनना २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ट्वर्स्की तोवर गेले होते. सीट 'जाणार' म्हटलं की तुम्ही ती मिळवायचा नाही, गमवायचा विचार करता, आणि हिशेब बाजूला राहतो. खरंच दोन सीट असतील तर सांगणं उपकारच आहे, प्रश्न खोटं सांगण्याचा आहे. आणि ८५० चे ९८४ का चालून जातात, तर एकदा ८५० डोक्यात बसलं, सीट निवडली, नाव-वय भरलं, आता कोण मागे जाणार.

त्या लाजेबद्दल. तुमच्या तोंडी वाक्य घालायचं आणि तेही असं की नकार देताना तुम्ही निष्काळजी ठराल, याला 'कन्फर्म शेमिंग' म्हणतात. ती लाज तुमची नाहीये, कुणीतरी पगार घेऊन लिहिलेली आहे.

या सगळ्याला 'डार्क पॅटर्न' हे नाव हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मध्ये दिलं. आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला मार्गदर्शक तत्त्वंच काढलीत, त्यात १३ प्रकार नावानिशी दिलेत, खोटी घाई, गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं, थेंबथेंब वाढवलेली किंमत, लाज वाटायला लावणं, सोडता न येणारं सबस्क्रिप्शन हे सगळे त्यात आहेत. तुम्ही स्क्रीनशॉट काढले असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करा, फुकट आहे. पहिल्या पानाचा आणि शेवटच्या पानाचा असे दोन्ही स्क्रीनशॉट हवेत हं, नुसत्या शेवटच्या पानानं काही सिद्ध होत नाही.

प्रश्न: आमचा मालवणी मसाल्यांचा घरगुती धंदा आहे, वेबसाईट केलीय, त्यावर ३८ प्रकार आहेत. भाचा म्हणतो, जास्त ऑप्शन दिले की गिऱ्हाईक गोंधळतं, सहाच ठेवा, अमेरिकेत जॅमवर प्रयोग झालाय. खरं का?
— कुडाळ

उत्तर: प्रयोग खरा आहे, भाच्यानं अर्धाच वाचलाय. अय्यंगार आणि लेपर यांनी २००० साली छापला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात चाखायला कधी २४ जॅम मांडले, कधी ६. चोवीसच्या टेबलाजवळ लोक जास्त थांबले, पण त्यातल्या फक्त ३ टक्क्यांनी विकत घेतलं, सहाच्या टेबलावर थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. दहापट! ही गोष्ट मग प्रत्येक मॅनेजमेंटच्या स्लाईडवर गेली. पण २०१० मध्ये असे पन्नास प्रयोग एकत्र करून बघितले तर सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला, कधी जास्त पर्यायांनी विक्री घटते तर कधी वाढते. म्हणजे नियम म्हणून सहा आकडा काही देवानं दिलेला नाही.

फरक पडतो तो गिऱ्हाईकाला आपल्याला काय हवंय ते माहीत आहे का यानं. दादरला राहणारी तुमच्या गावची माणसं तिरफळं घातलेला अमुकच मसाला शोधत येणार, त्यांना ३८ पण कमीच, त्यांच्यासाठी शोधायची चौकट नीट चालली पाहिजे आणि 'तिरफळ', 'तिरफळं', 'त्रिफळं' कसंही टाईप केलं तरी सापडलं पाहिजे. पुण्यातली मुलगी जिला फक्त 'मासे करायचेत' एवढंच कळतं, ती मात्र ३८ बघून पळणार. तिच्यासाठी मसाल्याच्या नावानं नाही, काय शिजवायचंय त्यानं गट करा, मासे, कोंबडी, उसळ, आणि प्रत्येकात एकावर 'आमच्या घरी हाच वापरतो' असं लिहा. खरंच वापरत असाल तर.

आणि भाच्याला सांगा, प्रयोगांच्या गोष्टी नंतर, आधी पाच माणसांना समोर बसवून वेबसाईटवरून ऑर्डर द्यायला लाव आणि तू तोंडावर बोट ठेवून नुसता बघ. पाच हा आकडा जेकब नीलसन या जाणकाराचा, २००० साली त्यानं मांडलं की पाच जणांतच बहुतेक मोठे घोळ सापडतात, सहाव्यापासून तेच तेच दिसायला लागतं. तोंडावर बोट हे सगळ्यात अवघड, पहिल्याच मिनिटाला तो 'अगं ते वर बघ ना' म्हणणार.

जाता जाता एक, दहा ऑर्डरवर एक फुकट वगैरे कार्ड काढायचा विचार असेल तर २००६ मध्ये छापलेला कार वॉशचा एक प्रयोग आहे. काही लोकांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना १० शिक्क्यांचं पण दोन आधीच मारलेलं. दोघांनाही मारायचे राहिलेत आठच, पण पहिल्यांपैकी १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यांपैकी ३४ टक्क्यांनी. सुरुवात झालेलं काम माणसाला सोडवत नाही. यात कुणाला फसवलं असं मला तरी वाटत नाही, पण ज्याला वाटेल त्याच्याशी भांडायला मी तयार आहे.

प्रश्न: माझा १४ वर्षांचा मुलगा 'पाच मिनिटं' म्हणून रील्स बघायला बसतो आणि तास जातो. त्याला मनोनिग्रहच नाही का?
— एक आई, कल्याण

उत्तर: तुमचा तास जात नाही का? खरं सांगा. पूर्वी पान संपायचं, 'पुढे' दाबावं लागायचं, तेवढ्यात माणूस भानावर यायचा. तळ नसलेलं स्क्रोलिंग २००६ मध्ये अझा रास्किन यानं बनवलं, पुढे त्यानं स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केलाय. त्यात पुढचं रील भारी निघेल की भिकार ते माहीत नसतं. स्किनर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कबुतरांसारखंच, दर चोचीला दाणा मिळाला तर कबूतर पोट भरलं की थांबतं, कधी मिळेल कधी नाही असं असलं की टोचतच राहतं. 'टाईम लिमिट' लावून उपयोग थोडाच होतो कारण तिथे 'आज दुर्लक्ष करा' हे बटण हाताशीच असतं. फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात ठेवायचा, सगळ्यांचा, ही आमच्या घरची युक्ती. कधी चालते, कधी नाही.

प्रश्न: ताई, मी टीवाय बीए सायकॉलॉजी. यूएक्समध्ये यायचंय पण कोडिंग येत नाही, चित्रही बरं नाही. सगळे म्हणतात इंजिनिअर लागतात. येऊ का?
— लातूर

उत्तर: अगं ये की! 'युजर एक्सपीरियन्स', म्हणजे यूएक्स, हे शब्द ज्यांनी स्वतःच्या हुद्द्यात पहिल्यांदा घातले, १९९३ च्या सुमारास ॲपलमध्ये, ते हेच वरच्या दाराचे नॉर्मन, आणि त्यांची डॉक्टरेट मानसशास्त्रातली आहे. फिट्स, कानमन, शपानिस, सगळे तुझ्याच विषयाचे. शिकायचंच म्हटलं तर आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाईनचं कॉलेज आहे, १९६९ पासूनचं, आणि त्याआधी १९६१ पासून अहमदाबादचं एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्था. आयआयटीच्या एम. डेस.ला, म्हणजे डिझाईनच्या मास्टर्सला, सीड नावाची परीक्षा असते, तिला बसायला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण प्रवेशाच्या अटी प्रत्येक संस्थेच्या वेगळ्या, त्या आधी बघ, चित्राची तयारी मात्र थोडी करावी लागेल, थोडी.

पण त्याआधी एक काम कर. एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी एक तास उभी राहा आणि लोक काय विचारतात ते शब्दशः लिहून काढ. वर एवढा मोठा बोर्ड असताना लोक खिडकीवरच का येतात, बोर्डावर काय नाही, 'लागली का' आणि 'गेली का' यातलं काय जास्त विचारतात. ते पान मला पाठव, बायोडेटा नको.

प्रश्न: लिफ्टमधलं दार बंद करायचं बटण खरंच चालतं का? मी रोज चार वेळा दाबतो.
— ठाणे

उत्तर: अमेरिकेत बऱ्याच लिफ्टमध्ये चालत नाही. १९९० मध्ये तिथे अपंगांसाठी कायदा आला, कुबड्या किंवा व्हीलचेअर असलेल्या माणसाला आत यायला पुरेसा वेळ मिळेपर्यंत दार उघडं राहिलंच पाहिजे, त्यामुळे ते बटण प्रवाशांसाठी कामाचं राहिलं नाही, पण काढलंही नाही. न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडायची बहुतेक बटणंही सिग्नल कॉम्प्युटरवर गेल्यापासून नावालाच उरली होती, लोक दाबत होते. दाबलं की आपण काहीतरी केलं असं वाटतं आणि थांबणं सुसह्य होतं, दार तर थोड्या वेळानं आपोआप बंद होणारच असतं. आपल्याकडे मात्र पुष्कळ लिफ्टमध्ये ते खरंच चालतं. तुमच्या लिफ्टचं बघायचं तर एकदा दाबून आणि एकदा न दाबता सेकंद मोजा, मोबाईलच्या स्टॉपवॉचवर, निदान पाच-पाच वेळा. सोसायटीचे सेक्रेटरी विचारतील काय चाललंय, त्यांना हा अंक दाखवा.